टिंब कीं स्वल्पविराम?

आपल्या जुन्या नैयायिकांनीं वादविवादाचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य काय आहे हें दोघांनाहि कळावें या हेतूनें चालतो तो वाद. कसेंहि करून आपली बाजू सरस ठरावी या हेतूनें चालतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू मुळींच न मांडतां केवळ दुसऱ्याचें म्हणणें खोडून काढावयाचें, ती वितंडा. यांच्याच जोडीला गौतमाच्या न्यायसूत्रांत ‘छल’ नांवाचा एक दोष सांगितला आहे. बोलणाराच्या शब्दाला त्याच्या मनांत नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटा पाडणें म्हणजे छल. याचें उदाहरण शास्त्रकारांनीं ठरवूनच ठेवलें आहे. कोणी म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. त्याच्या मनांत अर्थ असतो, नवें कांबळें असलेला. प्रतिपक्षी ‘नव’ या शब्दाचा अर्थ नऊ असा घेतो आणि विचारतो, याच्या अंगावर तर एकच कांबळें दिसतें. बाकीचीं आठ कोठें आहेत?

हा प्रकार जाणूनबुजून केला तर ती लबाडी होय. तोच नकळत घडला म्हणजे त्याला आपण गैरसमज म्हणतों. बोलणाराला मात्र या दोहोंतील भेद बाहेरून ओळखतां येत नाहीं. आपलें म्हणणें दुसऱ्यानें वांकडें घेतलें एवढेंच त्याला दिसतें. आणि त्यानें तें मुद्दाम वांकडें घेतलें अशी शंका एकदां मनांत शिरली कीं वादाचा जल्प होण्यास वेळ लागत नाहीं.

या गोष्टीचा विचार आज मी एका अर्वाचीन विषयाच्या आधारें करणार आहें. गणकयंत्राला, म्हणजे ज्याला आपण काँप्युटर म्हणतों त्याला, आज्ञा देण्यासाठीं ज्या भाषा रचण्यांत आल्या, त्यांच्याविषयीं सुमारें सत्तर वर्षें जगांत वाद चालू आहेत. अमुक भाषा चांगली कीं तमुक, अमुक आज्ञा भाषेंत असावी कीं नसावी, असल्या प्रश्नांवर मोठे विद्वानहि हमरीतुमरीवर येतात. बाहेरच्या माणसाला याचें नवल वाटेल. परंतु या वादांचा आरंभींचा इतिहास पाहिला, तर त्यांत मनुष्यस्वभावाचें असें कांहीं दर्शन घडतें कीं, ज्याला गणकयंत्राचा गंधहि नाहीं त्यानेंहि तें पाहण्यासारखें आहे.

प्रथम ही भाषा म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. गणकयंत्राला स्वतःची बुद्धि नसते. आंकडे साठविणें, त्यांची बेरीज-वजाबाकी करणें, दोन आंकडे ताडून पाहणें अशीं लहान लहान कामें तें अतिशय वेगानें करतें. हीं कामें कोणत्या क्रमानें करावयाचीं याची यादी म्हणजे आज्ञावली. आरंभीं ही यादी प्रत्येक यंत्राच्या विशिष्ट संकेतांत, नुसत्या आंकड्यांनीं लिहावी लागे. एका यंत्रासाठीं लिहिलेली यादी दुसऱ्या यंत्राला कळत नसे. पुढें अशी युक्ति निघाली कीं, माणसानें गणिताच्या सूत्रांना जवळ अशा भाषेंत लिहावें, आणि यंत्रानेंच तें लिखाण आपल्या संकेतांत उतरवून घ्यावें. अमेरिकेंतील आयबीएम कंपनींत जॉन बॅकस यांच्या मंडळीनें सिद्ध केलेली फोरट्रान ही अशीच भाषा असून ती १९५७ सालीं वापरांत आली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. माणसाला ‘नव’ म्हटलें तर तो संदर्भ पाहतो, बोलणाराच्या तोंडाकडे पाहतो, आणि नवें कीं नऊ हें ओळखतो. यंत्र हें कांहींच करीत नाहीं. लिहिणाराचा हेतु काय होता हें त्याला ठाऊक नसतें. जें लिहिलें असेल तेंच तें करतें. म्हणून या भाषांत प्रत्येक चिन्हाचा एकच अर्थ ठरवून द्यावा लागतो. पण तो अर्थ ठरविण्यासाठीं जीं माणसें जमतात, तीं आपसांत बोलतात तें मात्र तुमच्या-आमच्यासारख्या साध्या भाषेंत; आणि त्या भाषेंत ‘नवकंबल’ पदोपदीं आढळतो.

फोरट्रान ही एका कंपनीची भाषा होती. सर्व देशांना व सर्व यंत्रांना चालेल अशी एक समाईक भाषा असावी, ही इच्छा युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत एकाच सुमारास उत्पन्न झाली. १९५८ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस स्वित्झर्लंडांतील झूरिच येथें आठ माणसें एकत्र बसलीं. चार युरोपचीं, चार अमेरिकेचीं. युरोपकडून फ्रीड्रिख बाउअर, क्लाउस सामेलझोन, हाइन्झ रुटिशाउझर व हेर्मान बोटेनब्रुख, तर अमेरिकेकडून जॉन बॅकस, ॲलन पर्लिस, जोसेफ वेगस्टीन व चार्ल्स कॅट्झ. एका आठवड्यांत त्यांनीं भाषेचा आराखडा तयार केला. तीच भाषा पुढें आल्गोल या नांवानें प्रसिद्ध झाली.

या सभेंत मोठमोठे प्रश्न सुटले, आणि एका टिंबापाशीं गाडी अडली. आपण शाळेंत साडेतीन ही संख्या तीन, मग टिंब, मग पांच अशी लिहितों. इंग्रजी रिवाजाप्रमाणें दशांशचिन्ह म्हणजे टिंब. जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांत त्याच जागीं स्वल्पविराम देतात. नव्या भाषेंत काय असावें? अमेरिकनांना स्वल्पविराम हास्यास्पद वाटला, तर समोरच्या बाजूच्या एका सभासदानें टेबलावर मूठ आपटून, आपण दशांशासाठीं टिंब कदापि वापरणार नाहीं, असें सांगितलें. ज्या मंडळीनें कठीण कठीण तात्त्विक प्रश्न शांतपणें सोडविले होते, तिची सभा बालवर्गांतील एका चिन्हावर येऊन ठप्प झाली.

त्या संध्याकाळीं वेगस्टीन दोन्ही गोटांत हिंडले आणि त्यांनीं एक तोड सुचविली. भाषेच्या तीन पायऱ्या मानाव्या. पहिली प्रमाणभाषा, समिति भाषेची व्याख्या करील ती हिच्यांत. दुसरी प्रकाशनाची भाषा. पुस्तकांत व मासिकांत छापतांना ज्या त्या देशानें आपल्या रिवाजाप्रमाणें लिहावें. तिसरी यंत्राची, ज्या यंत्राजवळ जीं चिन्हें असतील तीं त्यानें वापरावीं. मात्र या दोन पायऱ्यांवरून पहिलीकडे निःसंदिग्धपणें येतां आलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं ही तोड सर्वांनीं मान्य केली.

ही केवळ दोहोंच्या मधली तडजोड नव्हती, हें आपण पाहावें. टिंब कीं स्वल्पविराम असा प्रश्न जोंपर्यंत विचारला जात होता, तोंपर्यंत एकानें जिंकावें व दुसऱ्यानें हरावें यावांचून मार्ग नव्हता. वेगस्टीन यांनीं असें ओळखलें कीं, दोन्ही पक्ष ‘भाषा’ हा एकच शब्द वापरीत असले तरी तिच्या अर्थाविषयीं, म्हणजे चिन्हामागील कल्पनेविषयीं, त्यांचें भांडणच नाहीं. भांडण आहे तें कागदावरच्या रूपाविषयीं. अर्थ आणि रूप हीं वेगळीं काढतांच तंटा उरला नाहीं. मूठ आपटणारा सभासद हट्टी आहे असें म्हणून त्याला सोडून देणें सोपें होतें. पण त्याच्या हट्टाच्या पोटीं कांहींतरी वाजवी कारण असेल असें धरून चालल्यामुळेंच हा मार्ग सांपडला. यालाच मी सद्भाव म्हणतों. सद्भाव म्हणजे गोड बोलणें नव्हे. समोरच्याच्या म्हणण्याला अर्थ आहे असें गृहीत धरून तो शोधण्याचे कष्ट घेणें, म्हणजे सद्भाव.

आतां याच भाषेची दुसरी हकीकत सांगतों. ती इतकी सुखान्त नाहीं.

झूरिचच्या आराखड्यावर दोन्ही खंडांत चर्चा सुरू झाली. कोपनहेगन येथें पेटर नाउर यांनीं १९५९ सालीं या चर्चेसाठीं ‘आल्गोल बुलेटिन’ नांवाचें पत्रक काढलें. ज्याला जी शंका असेल ती त्यानें लेखी पाठवावी आणि सर्वांनीं वाचावी अशी योजना. त्याच वर्षीं पॅरिस येथील युनेस्कोच्या परिषदेंत बॅकस यांनीं भाषेचें व्याकरण थोड्या चिन्हांत काटेकोरपणें मांडण्याची एक पद्धति पुढें आणली. नाउर यांनीं ती सुधारून घेतली आणि तिच्या साहाय्यानें संपूर्ण भाषेचा मसुदा लिहून काढला. ता. ११ ते १६ जानेवारी १९६० या दिवसांत पॅरिस येथें जी अखेरची सभा भरली, तिच्यापुढें हाच मसुदा होता. दोन्ही खंडांकडून सात सात माणसें यावयाचीं होतीं. परंतु अमेरिकेचे विल्यम टुरान्स्की हे सभेच्या अगदीं तोंडावर अपघातांत वारले, आणि तेराच जण बसले. तयार झालेला अहवाल टुरान्स्की यांच्या स्मृतीस अर्पण करण्यांत आला आहे.

या सभेंत एक सूचना आली, तिचा अर्थ समजण्यासाठीं एक उदाहरण घेऊं. उत्तरपत्रिकांचा मोठा गठ्ठा क्रमांकवार लावावयाचा आहे. एक रीत अशी: कोणतीहि एक उत्तरपत्रिका हातांत घ्यावी, तिच्याहून लहान क्रमांकाच्या डावीकडे ठेवाव्या, मोठ्या क्रमांकाच्या उजवीकडे, आणि मग डावीकडच्या गठ्ठ्यावर हीच रीत चालवावी व उजवीकडच्यावरहि हीच रीत चालवावी, गठ्ठ्यांत एकच उत्तरपत्रिका उरली म्हणजे थांबावें. येथें रीत सांगतांना आपण तीच रीत पुन्हा वापरावयास सांगितली. कृतीनें स्वतःलाच बोलावलें. गठ्ठे लहान लहान होत जातात, म्हणून हें कधीं तरी संपतें. आज्ञावलीचा असा एखादा स्वतंत्र भाग, ज्याला आपण पोटआज्ञावली म्हणूं, त्यानें काम अर्धे असतांनाच स्वतःला पुन्हा बोलवावें कीं नाहीं, हा प्रश्न होता.

गणिती माणसाला ही गोष्ट सुंदर वाटते; पण यंत्र चालविणाराला तिच्यांत अडचण दिसते. पहिलें काम अर्धवट असतांनाच दुसरें सुरू होतें, दुसरें संपण्यापूर्वीं तिसरें. या प्रत्येक अर्धवट कामाचे आंकडे वेगवेगळे जपून ठेवावे लागतात. प्रत्येक पोटआज्ञावलीला एकच ठराविक जागा नेमून देण्याची जी साधी रीत होती, ती येथें पुरत नाहीं. आणि १९६० सालीं यंत्राची स्मरणशक्ति फार तोकडी होती. तेव्हां या गोष्टीला नाखूष असणारे लोक अडाणी नव्हते. त्यांनाहि त्यांचीं कारणें होतीं.

सभेपुढें सूचना आली ती अशी: जी पोटआज्ञावली स्वतःला बोलावणार असेल तिच्या मथळ्यावर तसें सांगणारा एक खास शब्द लिहावा, आणि तो शब्द भाषेंत घालावा. मत घेण्यांत आलें आणि सूचना नामंजूर झाली.

आतां मला विचारावयाचें आहे तें हें कीं, नामंजूर नेमकें काय झालें? स्वतःला बोलावण्याची कल्पनाच सभेनें नाकारली, कीं त्यासाठीं वेगळ्या शब्दाची गरज नाहीं एवढेंच सभेनें म्हटलें? हात वर झाले ते एकाच सूचनेविरुद्ध. परंतु सूचनेला नको म्हणण्याचे अर्थ दोन होत होते. शब्द गेला, पण स्वतःला बोलावूं नये असा नियमहि मसुद्यांत कोठें नव्हता. सभा संपली आणि मंडळी आपापल्या देशीं गेली.

पुढच्या महिन्यांत, फेब्रुवारी १९६० मध्यें, आम्स्टरडॅमहून आड्रियान फान वाइनगार्डन यांनीं, एड्स्गर डाइक्स्ट्रा या आपल्या तरुण सहकाऱ्याच्याहि वतीनें, कोपनहेगनला नाउर यांच्याशीं दूरध्वनीवरून बोलणें केलें. अहवालाचें अंतिम लेखन नाउर यांच्याकडे होतें. अहवालांत एक लहानसें वाक्य घालावें, असें त्यांचें म्हणणें. त्या वाक्याचा आशय असा होता कीं, पोटआज्ञावलीच्या अंगांत तिचें स्वतःचें नांव आलें तर त्याचा अर्थ तिला पुन्हा कामास लावणें असा समजावा. खास शब्द नाहीं, वेगळें चिन्ह नाहीं; एका वाक्यानें दार सताड उघडलें. नाउर यांना या सूचनेंतील धिटाई व साधेपणा फार आवडला, आणि पुढें कटकट होण्याचा संभव दिसत असूनहि त्यांनीं तें वाक्य घातलें.

कटकट झाली ती वर्षानुवर्षें पुरली. १९७८ सालीं लॉस एंजेलिस येथें या भाषांच्या इतिहासावर परिषद भरली, तेव्हां नाउर यांनीं ही हकीकत आपण होऊन सांगितली. तिच्यावरील अभिप्रायांत बाउअर यांनीं, आपला व सामेलझोन यांचा जो पराभव झाला, त्याला ‘आम्स्टरडॅमचा कट’ असें नांव दिलें. मात्र त्याच अभिप्रायांत, आपल्याहि आठवणी एकांगी असणें साहजिक आहे, अशी कबुली त्यांनीं देऊन ठेवली आहे.

येथें इतिहास सांगणाराला निवाडा देण्याचा मोह होतो. त्या वाक्याचीं फळें पाहिलीं तर तें अहवालांत आलें हें जगाचें भाग्यच म्हणावें लागेल. डाइक्स्ट्रा व त्यांचे सहकारी झोनेव्हेल्ड यांनीं आम्स्टरडॅममध्यें एक्स-१ नांवाच्या यंत्रासाठीं या भाषेचा पहिला कंपायलर, म्हणजे भाषा यंत्राच्या संकेतांत उतरविणारी आज्ञावली, १९६० च्या ऑगस्टमध्येंच पुरा करून दाखविला, आणि स्वतःला बोलावणारी पोटआज्ञावली तोकड्या यंत्रावरहि चालते हें सिद्ध झालें. १९६१ सालीं इंग्लंडांत ब्रायटन येथें नाउर, डाइक्स्ट्रा व पीटर लँडिन यांनीं या भाषेचे पाठ दिले. तेथें टोनी होअर नांवाचा एक तरुण विद्यार्थी होता. क्रम लावण्याची एक रीत त्याच्या मनांत घोळत होती, पण ती नीट मांडावी कशी हें त्याला साधत नव्हतें. पोटआज्ञावली स्वतःला बोलावूं शकते हें कळतांच त्यानें ती थोड्या ओळींत लिहून काढली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा लावण्याची जी रीत मी वर सांगितली ती हीच. ‘क्विकसॉर्ट’ या नांवानें ती आज सर्व जगांत शिकविली जाते.

असें असूनहि माझ्या मतें त्या दूरध्वनीची रीत निर्दोष ठरत नाहीं. फळ गोड निघालें म्हणून तें तोडण्याची रीत आपोआप योग्य होत नाहीं. तेरा जणांच्या सह्यांनीं निघणाऱ्या अहवालांत, ज्या गोष्टीच्या कडेकडेनें मतदान होऊन गेलें होतें त्या गोष्टीविषयीं वाक्य घालावयाचें होतें, तर तें घालण्यापूर्वीं सर्वांना उघड विचारणें हाच सरळ मार्ग होता. परंतु याला कट म्हणणेंहि मला न्याय्य वाटत नाहीं. आम्स्टरडॅमच्या मंडळीच्या दृष्टीनें सभेनें शब्द नाकारला होता, कल्पना नव्हे. नियम मोघम राहिला होता आणि तो स्पष्ट करणें हें काम संपादकाचेंच होतें. बाउअर व सामेलझोन यांच्या दृष्टीनें तो प्रश्न निकालांत निघाला होता. दोघेहि प्रामाणिक, आणि दोघांच्या मनांत एकाच मतदानाचे दोन अर्थ. हा दोष कोणाच्या हेतूचा नव्हे. मत घेण्यापूर्वीं, ‘या सूचनेला नको म्हणणें म्हणजे काय काय नाकारणें?’ असा साधा प्रश्न कोणी विचारला असता, तर कट हा शब्द अठरा वर्षांनंतर उच्चारावा लागला नसता.

तें कांहीं असो. आल्गोलचा अहवाल लेखनाच्या काटेकोरपणाचा नमुना म्हणून नांवाजला गेला. त्याच्या व्याकरणपद्धतीला डोनाल्ड कनूथ यांच्या १९६४ सालच्या सूचनेप्रमाणें बॅकस व नाउर या दोघांचीं नांवें मिळालीं, आणि ती पद्धति अद्यापि वापरांत आहे. तरीहि संदिग्धता पुरती हटली नाहीं. एक उदाहरण आपल्या घरांतलें देतों. आई मुलीला सांगते, ‘पाऊस आला तर, धोंडू घरीं असला तर त्याला हांक मार, नाहीं तर तूं वाळवणापाशीं जा.’ आतां हें ‘नाहीं तर’ कशाला लागलें? पाऊस आला नाहीं तर राखणीला जावयाचें, कीं पाऊस आला पण धोंडू घरीं नसला तर वाळवण काढावयास जावयाचें? मुलगी आईच्या मनांतलें ओळखील. यंत्र ओळखणार नाहीं. अशी वाक्यरचना होऊं नये म्हणून आल्गोलच्या कर्त्यांनीं व्याकरणांत काळजी घेतली होती. तथापि दुसऱ्या एका आज्ञेच्या आडवाटेनें तेंच द्व्यर्थित्व आंत शिरलें, आणि १९६२ सालीं रोम येथें भरलेल्या सभेनंतर निघालेल्या सुधारित अहवालांत तें बुजवावें लागलें. त्यानंतरहि १९६७ सालीं कनूथ यांनीं उरलेल्या संशयस्थळांची एक यादी प्रसिद्ध केली. इतके शहाणे लोक इतक्या जपून लिहीत असतां हें घडलें. तेव्हां घाईनें बोललेल्या चार वाक्यांत दुसऱ्याचा अर्थ आपल्याला पुरता कळला असें मानणें किती धाडसाचें आहे, तें यावरून दिसून येईल.

गैरसमजाचें सर्वांत गाजलेलें उदाहरण मात्र पुढचें आहे. आज्ञावलींत ‘येथून अमुक ठिकाणीं जा’ अशी एक आज्ञा असे. इंग्रजी शब्दांवरून तिला गोटू म्हणतात. एखाद्या पोथींत या पानावरून चाळिसाव्या पानावर जा, तेथून बाराव्यावर या, असें सारखें लिहिलेलें असावें, तसा या आज्ञेचा अतिरेक झाला म्हणजे वाचणारा गोंधळून जातो. याविषयीं डाइक्स्ट्रा यांनीं एक लेख लिहिला. त्याला त्यांनीं दिलेलें नांव सौम्य होतें. गोटू आज्ञेच्या विरुद्ध पक्ष मांडतों, इतकाच त्याचा भाव. संपादक निक्लाउस विर्थ यांनीं तो लवकर छापला जावा म्हणून संपादकास आलेल्या पत्राच्या रूपानें मार्च १९६८ च्या अंकांत घेतला आणि त्याचा मथळा बदलला. नव्या मथळ्याचा आशय असा कीं, गोटू आज्ञा घातक समजावी.

या मथळ्यानें रान पेटलें. एक पक्ष म्हणूं लागला कीं गोटू वापरणारा तो अडाणी. दुसरा म्हणूं लागला कीं डाइक्स्ट्रा हे हटवादी धर्मगुरु आहेत. १९७४ सालीं कनूथ यांनीं या वादावर एक दीर्घ निबंध लिहून, कोठें ही आज्ञा टाळावी आणि कोठें ती उपयोगी पडते, हें उदाहरणें घेऊन शांतपणें दाखविलें. विशेष असें कीं, त्यांनीं डाइक्स्ट्रा यांचेंच एक पत्र त्यांत उद्धृत केलें. त्यांत, आपण या बाबतींत हट्टाग्रही आहों असें समजूं नये आणि इतर लोक त्याचा धर्म बनवीत आहेत याचें आपणांस वाईट वाटतें, असा खुलासा होता. ज्यांच्या नांवानें लढाई चालली होती ते स्वतः त्या लढाईंत इतक्या टोकाला उभे नव्हते. पुढें उतारवयांत डाइक्स्ट्रा यांनीं खेदानें नमूद केलें आहे कीं, आपल्या या लिखाणाचा उल्लेख पुष्कळांनीं केला, परंतु त्यांतील अनेकांनीं मथळ्यापलीकडे कांहीं वाचलेलें नव्हतें; आणि तो मथळा तर त्यांचा नव्हताच. कनूथ यांनीं वेगळें काय केलें? मजकूर वाचला, लिहिणाराला विचारलें, आणि त्याचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून मग आपला मतभेद सांगितला.

सद्भावाचा अर्थ एकमत असा कोणी करूं नये, म्हणून आणखी एकच प्रसंग सांगतों. आल्गोलची पुढची आवृत्ति तयार करण्याचें काम एका आंतरराष्ट्रीय समितीकडे होतें व तिचे प्रमुख लेखक होते फान वाइनगार्डन. डिसेंबर १९६८ मध्यें म्युनिक येथें ती आवृत्ति बहुमतानें संमत झाली. त्या वेळीं आठ सभासदांनीं, ही भाषा आज्ञावलीच्या कामाचें खरें साधन ठरणार नाहीं, अशा अर्थाचें भिन्नमतपत्र लिहून त्यावर सह्या केल्या. त्या आठांत डाइक्स्ट्रा होते आणि होअरहि होते. आठ वर्षांपूर्वीं ज्या दोघांच्या वतीनें एक दूरध्वनि गेला होता, ते आतां समोरासमोरच्या बाजूंना उभे राहिले. हा मतभेद खरा व खोल होता. कोणत्याहि युक्तीनें तो मिटण्यासारखा नव्हता. पण या खेपेस तो चार ओळींत, नांवानिशीं, उघडपणें लिहिला गेला. त्यामुळें कोणाला काय नको होतें याविषयीं मागाहून तर्क करण्याचें कारण उरलें नाहीं, आणि त्याला कोणी कट म्हटलें नाहीं. त्या मंडळींतील कित्येकांनीं पुढें आज्ञावली रचण्याच्या पद्धतीचा विचार करणारा निराळा गट स्थापन करून आपलें काम चालू ठेवलें.

श्रोतेहो, झूरिचचें टिंब, पॅरिसचें मतदान, मार्च १९६८ चा मथळा आणि म्युनिकचें भिन्नमतपत्र, या चार प्रसंगांतून एकच गोष्ट माझ्या मनांत ठसते. ज्यांचा सगळा व्यवसाय म्हणजे यंत्राला संदिग्ध नसलेल्या शब्दांत आज्ञा देणें, त्यांनाहि एकमेकांचें म्हणणें समजून घेण्यासाठीं जास्तीचे कष्ट घ्यावे लागले. आणि ते जेथें घेतले नाहींत तेथें चांगल्या माणसांनीं चांगल्या माणसांना कपटी ठरविलें. यंत्राशीं बोलतांना सद्भाव निरुपयोगी आहे, कारण तें केवळ अक्षर पाहतें. माणूस मात्र हेतूहि पाहूं शकतो, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या हेतूविषयीं वाईट कल्पना करण्यापूर्वीं, ‘तुमच्या म्हणण्याचा अर्थ मीं असा घेतला, तो बरोबर आहे काय?’ एवढें विचारण्याचें कर्तव्य त्याच्यावर येतें.

घरांतला वाद असो, ग्रामपंचायतींतला असो कीं विद्वत्सभेंतला, ‘नव’ म्हणजे नवें कीं नऊ हा प्रश्न आधीं विचारून घ्यावा. उत्तर मिळाल्यावरहि मतभेद उरला, तर तो खुशाल उरूं द्यावा. तो स्वच्छ असतो, आणि त्याच्यावर सही करावयास लाज वाटत नाहीं.